मुदतीपलीकडचा मुक्काम

आपल्या ट्रस्टच्या धर्मशाळेत शिरताना उजव्या हाताच्या भिंतीवर एक जुनी पत्र्याची पाटी आहे. कोणाही उतारूस तीन दिवसांपेक्षा अधिक राहता येणार नाही, असा तिच्यावरचा मजकूर. ह्या पाटीखालूनच मी गेली कित्येक वर्षे वाचनालयात जात-येत आहे. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी सभासदांच्या व त्यांच्या मुलाबाळांच्या उपयोगी पडेल असे काही लिहा, असा चालकांचा निरोप आला, तेव्हा ती पाटीच प्रथम डोळ्यांसमोर आली. गेल्या काही वर्षांत बेळगावातली व आसपासच्या खेड्यांतली जी घरे अडचणीत आलेली मी जवळून पाहिली, त्यांतल्या निदान दोन-तीन घरांच्या अडचणीचे मूळ परक्या मुलखात मुदतीपेक्षा अधिक झालेल्या मुक्कामात होते. त्यांतल्या एका प्रकरणात माझाही हात होता. ते पुढे सांगेनच.

तीन दिवसांचा हा हिशेब फार जुना आहे. ‘अतिथी’ ह्या शब्दाची फोड करताना मनुस्मृती त्याच्या अनित्य राहण्यावर बोट ठेवते, आणि एक रात्र राहतो तो अतिथी, असे सांगून मोकळी होते. आमच्याकडे हदीसमध्ये पाहुणचाराची मर्यादा तीन दिवस सांगितली आहे; त्यापुढे यजमान जे देईल तो दानधर्म समजावा, आणि यजमानाची अडचण होईल इतके पाहुण्याने राहू नये, असेही बजावले आहे. आपली मराठी म्हण तर ह्या दोहोंपेक्षा रोखठोक. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई आणि तिसऱ्या दिवशी अक्कल गेली, असा सरळ निकाल तिने लावला आहे. इतक्या निरनिराळ्या लोकांनी जवळजवळ एकच आकडा सांगावा, ह्याचे मला विद्यार्थिदशेपासून कौतुक वाटत आले आहे.

तथापि, धर्मशाळेची पाटी वाचून कोणी घाबरत नाही. दवाखान्यात बाप अंथरुणाला खिळलेला असेल तर आपले व्यवस्थापक आठवडा काय, पंधरवडाही राहू देतात, हे सर्वांस ठाऊक आहे. घरच्या पाहुण्याचेही तसेच. यजमान चेहऱ्यावरून कळवतो, पाहुणा चेहऱ्यावरून ओळखतो, आणि दोन शब्द गोड बोलून मुक्काम दोन दिवस पुढे ढकलता येतो. आपल्या लोकांच्या मनात मुक्कामाची कल्पना ही अशी आहे. हीच कल्पना पेटीत भरून आपण विमानात बसतो, आणि तेथे चूक होते. सरकार नावाच्या यजमानाला चेहरा नसतो. तो तारीख पाहतो.

ही तारीख पाहण्याची रीत काही फार प्राचीन नाही. कोकणच्या बंदरांतून पडावांनी बसरा-बहरीनकडे जाणारी माणसे कोणता कागद घेऊन जात होती? हिंदुस्थानात येणाऱ्याकडे पासपोर्ट असला पाहिजे, असे सांगणारा कायदा १९२० चा. म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरचा. त्यानंतरही आखाताशी आपला संबंध इतका घरोब्याचा होता, की १९५९ साली रिझर्व्ह बँकेने त्या भागासाठी निराळ्या रुपयाच्या नोटा छापल्या, आणि १९६० नंतरची काही वर्षे तिकडच्या बाजारांत त्या चालत होत्या. ज्या मुलखात आपला रुपया चालत होता, त्या मुलखात आपल्याला दिवस मोजून राहावे लागेल, हे आपल्या वडीलधाऱ्यांच्या अजून पचनी पडलेले नाही, असे मला पुष्कळदा वाटते. असो.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. व्हिसाच्या कागदावर दोन निरनिराळ्या मुदती असतात, आणि बहुसंख्य लोक त्यांतली चुकीची वाचतात. पहिली मुदत असते ती प्रवेशाची. अमुक तारखेपर्यंत तुम्ही आमच्या दाराशी आले पाहिजे, एवढाच तिचा अर्थ. दुसरी मुदत राहण्याची. आत आल्यापासून अमुक दिवस राहता येईल, असे ती सांगते. पहिली मुदत ठळक अक्षरांत, तारखेनिशी छापलेली असते. दुसरी बहुधा नुसत्या दिवसांच्या आकड्यात असते, तिची तारीख आपण स्वतः मोजून काढावयाची असते, आणि ती विमानतळावर शिक्का बसल्याखेरीज ठरतच नाही. नाटकाच्या तिकिटावरून उदाहरण घ्यावे. तिकीट आज काढले, ते महिनाभर चालणारे आहे. पण एकदा आत जाऊन बसल्यावर तीन तासांनी पडदा पडला की उठलेच पाहिजे. तिकीट अजून महिनाभर चालते, म्हणून कोणी थिएटरात महिनाभर बसत नाही.

माझा हात येथेच होता. २०१५ साली एके दिवशी संध्याकाळी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील माझ्या घरी आले. गवंडीकाम करणारे गृहस्थ. हाताला चुना तसाच. मुलगा दुबईला निघाला होता. एजंटाने दिलेला कागद त्यांनी खिशातून काढला आणि म्हणाले, “सर, ह्यात किती दिवस लिवलंय, एवढं बघून सांगा की.” मी उभ्या उभ्या कागद पाहिला. इंग्रजी वाचता येते, ह्याचा माणसाला एक अभिमान असतो. वरच्या बाजूची तारीख वाचली, मनाशी मोजली आणि दोन महिने आहेत म्हणून सांगितले. खालच्या बाजूला, मुक्काम तीस दिवस, अशी बारीक ओळ होती. ती मी वाचली नाही. चहा घेऊन गृहस्थ समाधानाने गेले.

मुलगा गेला. गेल्यावर नोकरीचा व्हिसा करून देतो, असे ज्या दुकानदाराने कबूल केले होते, त्याच्याकडे तो कामाला लागला. दोन महिने आहेत, ह्या भरवशावर त्याने घाई केली नाही. पन्नासाव्या दिवशी कारकुनाने कागद पाहिला, तेव्हा मुदत संपून वीस दिवस झाले होते आणि दररोजचा दंड चढत होता. मालकाने हात वर केले. एजंटाला दिलेले पैसे इकडे कर्जाऊ घेतलेले. दोन महिने काम करून दंड भरू आणि परत जाऊ, असा मुलाने विचार केला. परंतु दंड रोज वाढतो आणि पगार महिन्याने मिळतो, हे त्रैराशिक मी शाळेत शिकवलेल्या कोणत्याही त्रैराशिकापेक्षा अवघड होते. दोन महिन्यांची तीन वर्षे झाली. २०१७ च्या पावसाळ्यात वडील वारले. मुलगा आला नाही. सुट्टी मिळत नाही, असे घरच्यांनी सांगितले. आम्हीही ते खरे मानले, आणि चार माणसांत त्याला बोलही लावला. मीही लावला.

दंड कसा चढतो, ते आजच्या आकड्यांवरून सांगतो. संयुक्त अरब अमिरातीत २०२२ पासून पर्यटनाचा व्हिसा असो वा राहण्याचा परवाना असो, मुदतीपलीकडच्या दर दिवसास ५० दिरहॅम असा एकच दर केलेला आहे. वर्षभराचे १८,२५० दिरहॅम झाले. एवढे पैसे शिल्लक टाकू शकणारा मनुष्य बहुधा मुळात अडकलाच नसता. शिवाय अशा माणसाला उघडपणे नोकरी करता येत नाही, नावावर खोली घेता येत नाही, आजारी पडला तर दवाखान्यात कागद दाखवण्याची भीती वाटते. मालकाने मजुरी बुडवली तरी तक्रार कोणाकडे करणार? ज्याची मुदत संपली, त्याच्या श्रमाची किंमत त्याच दिवशी अर्ध्यावर येते, आणि हे मालकास पुरते ठाऊक असते.

आखाती राज्ये मधूनमधून माफीची मुदत जाहीर करतात. सौदी अरेबियाने २०१३ व २०१७ साली, कुवेतने २०१८ व २०२४ साली, अमिरातीने २०१८ साली आणि पुन्हा १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ ह्या काळात ती दिली. अमिरातीच्या ह्या शेवटच्या माफीत दंड पूर्ण सोडण्यात आला आणि परत जाणाऱ्यावर पुनःप्रवेशाची बंदीही घातली गेली नाही. पण माफी केव्हा येईल, हे आधी कोणी सांगत नाही. येईल तेव्हा बघू, म्हणून वाट पाहत बसणे म्हणजे कर्जमाफीच्या आशेवर नवे कर्ज काढण्यासारखे आहे. आपल्या सीमाभागातील शेतकरी सभासदांस ह्याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

अमेरिकेचा मामला निराळा. तेथे दररोजचा दंड नाही, पण शिक्षा जबर आहे. आपल्यातील अनेक आजी-आजोबा आता मुलांकडे जातात. त्यांच्या पासपोर्टावर दहा वर्षांचा व्हिसा असतो, आणि दहा वर्षे शब्द वाचून माणूस निर्धास्त होतो. प्रत्यक्षात तो दाराशी येण्याचा परवाना आहे. किती दिवस राहावयाचे ते विमानतळावरील अधिकारी ठरवतो. बहुधा सहा महिने देतो. ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते. विमानाने येणाऱ्यांसाठी ही नोंद २०१३ पासून कागदावर देत नाहीत, संगणकावर पाहावी लागते. उतरल्यावर पहिल्या आठवड्यात मुलाकडून वा सुनेकडून ती काढून घेऊन स्वयंपाकघरातील कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवावी. अधिक राहणे खरोखरच जरूर असेल, सुनेचे बाळंतपण लांबले किंवा स्वतःचे दुखणे निघाले, तर मुदत संपण्यापूर्वी वाढीचा अर्ज करता येतो. संपल्यावर केलेला अर्ज सहसा विचारात घेत नाहीत.

आणि मुदत संपली तर? तो व्हिसा रद्द समजला जातो, मग त्याची नऊ वर्षे शिल्लक का असेनात. १९९६ च्या कायद्याप्रमाणे १८० दिवसांहून अधिक पण वर्षाच्या आत राहिलेल्यास बाहेर पडल्यावर तीन वर्षे, आणि वर्ष वा त्याहून अधिक राहिलेल्यास दहा वर्षे प्रवेशबंदी लागते. ही बंदी लागू होते ती देश सोडल्यावर. त्यामुळे झाले असे, की ज्याला बाहेर काढण्यासाठी कायदा केला, तोच बाहेर पडण्यास भिऊ लागला. आई गेली तरी येता येत नाही, कारण आले तर बायकामुलांकडे दहा वर्षे परतता येत नाही, अशा कोंडीत सापडलेली माणसे तेथे सर्व देशांची आहेत.

युरोपातील शेंजेन देशांचा नियम गणिताच्या शिक्षकाने केला असावा, अशी मला शंका आहे. ह्या २९ देशांत मिळून, मागील कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, असा तो आहे. देश बदलला म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही. पॅरिसहून रोमला गेलात तरी दिवस तेच. येण्याचा व जाण्याचा, दोन्ही दिवस धरतात. समजा, कोणी १ जानेवारीस गेला आणि ३१ मार्चला परतला. लीप वर्ष नसेल तर हे बरोबर ९० दिवस झाले. तीन महिने झाले, आता पुन्हा तीन महिने, असे समजून तो जूनच्या पहिल्या तारखेस निघाला, तर दारातूनच परत येईल. कारण १ जूनपासून मागे १८० दिवस मोजले तर ते नव्वदच्या नव्वद दिवस त्यांत येतात. ३० जून ही त्याला पाऊल ठेवण्याची पहिली तारीख. त्या दिवशी १ जानेवारी मोजणीबाहेर पडलेला असतो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तेथे टप्प्याटप्प्याने यंत्रावर बोटांचे ठसे व छायाचित्र घेऊन नोंद करण्यास सुरुवात झाली आहे, तेव्हा पुसट शिक्क्यावर भिस्त ठेवणाऱ्यांचे दिवस गेले.

उलट दिशेचाही विचार करावा. आपल्याच घरी परदेशी नागरिक पाहुणे येतात; मावशीची नात अमेरिकन पासपोर्टाची असते. ओसीआय कार्ड असलेल्यास मुक्कामाची मुदत नसते, पण साध्या व्हिसावर आलेल्यास ती असते. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ च्या विदेशी नागरिक कायद्याच्या जागी नवा कायदा आला असून, मुदतीपलीकडे राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद वा तीन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही, अशी त्यात तरतूद आहे. परदेशी पाहुणा उतरला की त्याची वर्दी चोवीस तासांच्या आत देणे हे यजमानाचे काम आहे. धर्मशाळेलाही ते लागू होते. लाडू करण्याच्या गडबडीत हे राहून जाते.

आता ज्याची मुदत संपून गेली आहे, त्याने काय करावे? माझ्या अल्प अनुभवावरून सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे आपल्या वकिलातीस भिऊ नये. ती आपल्या सरकारची कचेरी आहे. तेथे गेल्याने कोणी पकडून देत नाही. पासपोर्ट हरवला असेल, किंवा मालकाने दाबून ठेवला असेल, तरी इमर्जन्सी सर्टिफिकेट नावाचा एका बाजूच्या प्रवासाचा कागद तेथे मिळतो. मजूर लोक त्याला आउटपास म्हणतात. पासपोर्ट असा दाबून ठेवणे अमिरातीच्याही कायद्यास मान्य नाही, हे सांगून ठेवतो. २००९ साली भारत सरकारने परदेशातील अडचणीत सापडलेल्या भारतीयांसाठी इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड सुरू केला. त्यातून गरजूस परतीचे तिकीट देता येते, आणि मनुष्याचा स्वतःचा दोष दिसत नसेल तर मुदतीपलीकडच्या मुक्कामाचा लहानसा दंडही भरता येतो. घरच्या मंडळींस येथूनही ‘मदद’ नावाच्या सरकारी संकेतस्थळावर २०१५ पासून तक्रार नोंदवता येते. ह्या सर्व वाटा पहिल्या महिन्यात जितक्या सोप्या असतात, तितक्या तिसऱ्या वर्षी राहत नाहीत.

परंतु घरचे लोक सांगत नाहीत. मुलगा दुबईस आहे, ह्या एका वाक्यावर धाकट्या बहिणीचे स्थळ जमलेले असते, सोसायटीचे कर्ज मंजूर झालेले असते. तो दुबईस आहे पण लपून आहे, असे दुसरे वाक्य कोणत्या तोंडाने बोलावे? माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांस सर्व काही ठाऊक होते. ते दर महिन्याला ट्रस्टच्या दारावरून जात होते, मला रस्त्यात भेटत होते, नमस्कार करत होते. एकदाही बोलले नाहीत. सरांनी कागद चुकीचा वाचला, असे म्हणावे लागेल, म्हणून बोलले नसतील काय, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

जाण्यापूर्वीची काळजी थोडक्यात सांगता येईल. पर्यटनाच्या व्हिसावर जा, तेथे गेल्यावर नोकरीचा करून देऊ, असे सांगणाऱ्या एजंटास नमस्कार करून उठावे. नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्याची सरकारदरबारी नोंदणी असावी लागते, हे १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याने ठरवले आहे, आणि त्याने घ्यावयाच्या मोबदल्यावरही मर्यादा आहे. पर्यटक म्हणून गेलेल्या माणसाची नोकरी कोणत्याच दप्तरात नसते. तो तिकडे राबतो आहे, हे सरकारला कळावे तरी कसे?

तो मुलगा २०१८ च्या माफीत, ऑक्टोबर महिन्यात परत आला. माफी ऑगस्टमध्येच सुरू झाली होती. पण वकिलातीच्या बाजूला फिरकावयाचेच नाही, ह्या सवयीमुळे त्याला ती उशिरा कळली, आणि कळली तीही शेजारच्या खोलीतल्या एका केरळी मजुराकडून. आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी तो मला भेटावयास आला. घडीवर घडी पडून चिंधी झालेला तो मूळ कागद त्याने बरोबर आणला होता. माझ्यापुढे ठेवला, बोलला काहीच नाही. ती खालची ओळ मी तेव्हा प्रथम वाचली. मग त्याने विचारले, “सर, आबांनी हा तुम्हालाच दाखवला होता न्हवं?” मी होय म्हणालो. आज तो शहापूरला टाइल्स बसवण्याचे काम करतो. बापाचाच धंदा म्हणावयाचा.

त्या वर्षापासून दर शनिवारी संध्याकाळी पाच ते सात मी ट्रस्टच्या वाचनालयात, खिडकीजवळच्या टेबलाशी बसतो. व्हिसा, नोकरीचा करार, विमानाचे तिकीट, एजंटाची पावती, जे काही असेल ते सर्व घेऊन यावे; मोबाइलवरचा फोटो चालत नाही, बारीक अक्षर त्यात उमटत नाही, छापून आणावे. जाणाऱ्याने स्वतः यावे, बापाला पाठवू नये. भिंग माझ्याजवळ आहे.